नाशिकच्या माठाला घाम फुटतो तेव्हा...

दोस्तांनो, कुंभ म्हणजे काय सांगा बरं? 'मेळा!' असं म्हणालात तर अर्धेच मार्क. कुंभ म्हणजे घडा. घडा घडवणारा तो कुंभकार आणि बोलता बोलता त्याचा झाला कुंभार. ज्या गावात बारा वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळा भरतो, २००३ साली भरला, २०१५ साली भरला, त्या नाशिकला आज आपण निघालोय. मेळा बघायला मात्र नाही हं. आपल्याला बघायचाय साधा मातीचा घडा. तोसुद्धा मे महिन्यात, भर दुपारी! टोपी घ्या, पाण्याची बाटली घ्या आणि चला.

मुंबईहून गाडीत बसलात तर गंमत वाटेतच सुरू होते. कल्याण सुटेपर्यंत सदरा पाठीला चिकटलेला असतो. घाम येतो, पण वाळत नाही. कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला आली की बघता बघता सदरा सुटा होतो. पुढे नाशिकरोडला उतराल तेव्हा ऊन मुंबईपेक्षा कडक, पारा चाळिशीच्या आसपास, आणि तरी सावलीत उभं राहिलं की बरं वाटतं. असं का? नाशिक समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटर उंचीवर आहे आणि समुद्रापासून लांब. उन्हाळ्यातली इथली हवा कोरडी. कोरडी हवा म्हणजे तहानलेली हवा. जिथे ओल दिसेल तिथून ती पाणी उचलते. तुमच्या कपाळावरचा घाम असो, दोरीवरचं धोतर असो, की माठाचं पोट असो.

आता रविवार कारंजाला या. इथली गर्दी बघून घाबरू नका, फक्त डोळे उघडे ठेवा. कोपऱ्यावर पानवाला बसलाय. त्याची विड्याची पानं कशात आहेत? ओल्या फडक्यात. मधूनमधून तो त्यावर पाणी शिंपडतो. पलीकडे गजरेवाली मावशी. तिच्या टोपलीवरही ओलं कापड. मोगल अमलात नाशिकचं नाव होतं गुलशनाबाद, म्हणजे फुलांच्या बागांचं गाव. तेव्हाही फुलं दुपारपर्यंत टवटवीत ठेवायची तर ओल्या कापडावाचून दुसरा कुठला मार्ग असणार! भाजीवाल्या काकूंनी कोथिंबिरीच्या जुड्यांवर भिजवलेलं गोणपाट टाकलंय. या तिघांनी विज्ञानाचं पुस्तक उघडलं असेल-नसेल, पण आपण ज्या गोष्टीच्या शोधात आहोत ती त्यांना पक्की ठाऊक आहे.

इथून जुन्या नाशकात शिरा. अरुंद बोळ, लाकडी वाडे, चढ-उतार. कुंभारवाडा याच भागात. नाशिकमध्ये मडकी किती जुनी, हे ठाऊक आहे का? १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी गोदावरीच्या काठच्या मातीच्या गढीवर खोदकाम केलं. थरावर थर निघाले. अगदी खालच्या थरांत ताम्रपाषाणयुगातली, म्हणजे लोखंड माहीत नव्हतं तेव्हाची खापरं मिळाली. राजे आले नि गेले, नाशिकचं नाव बदललं नि परत आलं, पण मडकी भाजायचं काम या नदीकाठी काही थांबलं नाही.

माठ कसा करतात ते नीट पाहा. मला विचाराल तर नाशिकमधल्या कुठल्याही देखाव्याइतकंच ते बघण्यासारखं आहे. कुंभार मातीत नुसतं पाणी घालत नाही. तो तिच्यात घोड्याची किंवा गाढवाची लीद, राख, कधी भुसाही मळतो. नाक मुरडू नका! खरी करामत तीच आहे. चाकावर माठाचा गळा आणि खांदा तयार होतो, पण पोट जाडजूड आणि लहानच असतं. मग ओलसर असतानाच आतून दगडी गोटा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीने थापटत थापटत पोट फुगवायचं. टप् टप् टप् टप्. भिंत पातळ होते, गोल होते. वाळला की माठ आव्यात जातो. तिथे ७०० ते ९०० अंशांच्या धगीत लिदीतला नि भुशातला काडीकचरा जळून जातो आणि त्याच्या जागी उरतात बारीक बारीक पोकळ्या. डोळ्यांना न दिसणारी लाखो छिद्रं! चिनीमातीच्या बरणीला ती नसतात, कारण तिच्यावर काचेसारखा लेप असतो. म्हणून बरणीत लोणचं टिकतं, पण पाणी गार होत नाही.

आता माठात पाणी भरलं. ते छिद्रांतून हळूहळू बाहेर झिरपतं आणि पोटावर ओल येते. यालाच आपण म्हणतो, माठाला घाम फुटला. तहानलेली हवा ती ओल उचलते, म्हणजे पाण्याची वाफ होते. चुलीवर नाही, तशीच. पण वाफ व्हायला उष्णता तर लागतेच! ती आणायची कुठून? माठाच्या भिंतीतून आणि आतल्या पाण्यातून. उष्णता गेली की पाणी गार.

किती गार? चला, पाटी-पेन्सिल काढा. १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला १ कॅलरी उष्णता लागते. पण १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला, साधारण ३० अंशांना, तब्बल ५८० कॅलरी लागतात! समजा माठात १० लिटर पाणी आहे आणि त्यातलं फक्त २०० ग्रॅम, म्हणजे एक पेलाभर, वाफ होऊन उडून गेलं. त्याने नेलेली उष्णता २०० गुणिले ५८०, म्हणजे १ लाख १६ हजार कॅलरी. मागे उरलं ९,८०० ग्रॅम पाणी. भागाकार करा. जवळजवळ १२ अंश! एका पेल्याने बाकीचे ४९ पेले १२ अंशांनी गार केले. अर्थात हे झालं कागदावर. प्रत्यक्षात बाहेरची गरम हवा माठाला सारखी उष्णता देतच असते, त्यामुळे एकापेक्षा जास्त पेले खर्ची पडतात.

मग माठ रात्रभर ठेवला तर त्यात बर्फ होईल का? नाही. या थंडाव्याला एक तळ आहे. हवामान खात्याच्या वेधशाळेत पांढरी, झडपांची लाकडी पेटी असते. तिच्यात एक साधा तापमापक असतो आणि एकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलेलं असतं. ओल्या फडक्याचा तापमापक म्हणू या त्याला. तो जिथे थांबतो, तो माठाचा तळ. नाशकात मे महिन्याच्या दुपारी हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फडक्याचा पारा २१ अंशांच्या जवळ येतो. मुंबईत त्याच दिवशी हवा ३३ अंश, पण आर्द्रता ७० टक्के. तिथे ओलं फडकं २८ अंशांवरच अडतं! म्हणजे जास्त तापलेल्या नाशकात माठाचं पाणी मुंबईपेक्षा गार. आता कळलं ना, मुंबईची आत्या 'आमच्याकडे माठ नीट गार करत नाही बाई' अशी तक्रार का करते? बिचाऱ्या माठाचा त्यात दोष नसतो.

गोष्ट कळली की घरातल्या किती गोष्टी उलगडतात बघा. माठ घडवंचीवर किंवा ओल्या वाळूवर ठेवायचा, तो खिडकीशी, सावलीत, जिथे वारा लागेल तिथे. कोनाड्यात कोंबलेला माठ गार होणार नाही, कारण त्याच्याभोवतीची हवा ओली होऊन तिथेच थांबते. (काही घरांत त्या वाळूत धने पेरतात. माठाचं ठिबकणारं पाणी फुकट जात नाही, कोथिंबीर मिळते!) माठ बाहेरून तैलरंगाने रंगवला की छान दिसतो, पण छिद्रं बुजतात, मग घाम कुठून येणार? पाण्यातले क्षारही हळूहळू छिद्रांत बसतात, म्हणून जुना माठ मंदावतो आणि आजी दर उन्हाळ्याला नवा आणायला सांगते. आतून साबण लावायचा नाही, मातीत तो मुरतो. पाणी ओगराळ्याने काढायचं, हात बुडवायचा नाही. झाकण हवंच. पाणी गार झालं म्हणजे ते शुद्ध झालं असं मुळीच नाही. गाळायचं, उकळायचं ते आधी.

फ्रीज नव्हते तेव्हा दूध कसं सांभाळायचे? दुधाचं पातेलं पाणी भरलेल्या परातीत ठेवायचं, वरून पातळ ओलं फडकं घालायचं आणि फडक्याची टोकं परातीत बुडवायची. फडकं खालचं पाणी आपोआप वर ओढून घेतं, ओलं राहतं आणि पातेलं गार ठेवतं. वर मुंग्याही दुधापर्यंत पोचत नाहीत. लोण्याचा गोळा असाच टिकवायचे. मुंबई-आग्रा रस्ता नाशिकमधूनच जातो. त्या रस्त्याने जाणाऱ्या ट्रकांना जाड कापडाची छागल लटकवलेली असायची. गाडी जितकी जोरात, वारा तितका जास्त, आणि पाणी तितकं गार. ही छागल मूळची बकऱ्याच्या कातड्याची. संस्कृतात छाग म्हणजे बकरा, तो नावात राहून गेला. आता ड्रायव्हरकाकांच्या शेजारी प्लास्टिकची बाटली असते आणि तिच्यातलं पाणी दुपारी चहा करण्याइतकं तापतं.

बुधवारी आलात तर गंगेवर चला. नाशिकचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतात, बरं का. तिथे बुधवारचा बाजार भरतो. आसपासच्या गावांतून पालक, मेथी, टोमॅटो, वांगी येतात. पहाटे पाणीदार असलेली मेथी दुपारी बारा वाजता बघा. मान टाकलेली. सकाळी ज्या भावाला 'परवडत नाही' म्हटलं, त्याच्या निम्म्याला ती दुपारी द्यावी लागते, आणि उरली तर गाईपुढे. तीच मेथी दुसऱ्या सकाळपर्यंत ताजी ठेवता आली तर? शेतकऱ्याच्या घरात वह्या-पुस्तकांचे पैसे येतात की नाही, ते अशा एका दिवसावर ठरू शकतं.

यावर दिल्लीच्या पुसा इथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८०नंतरच्या काही वर्षांत एक युक्ती तयार झाली. तिचं नाव शून्य ऊर्जा शीतकक्ष. नाव भारदस्त, पण मुळात तो विटांचा माठच! सावलीत विटांचा ओटा करायचा. त्यावर विटांच्या दोन भिंती, एकीच्या आत एक, मध्ये सुमारे साडेसात सेंटिमीटर फट. फटीत नदीची वाळू. वर बांबूच्या चौकटीवर वाळा किंवा गवत बसवलेलं झाकण. सकाळ-संध्याकाळ वाळू, विटा, झाकण पाण्याने भिजवायचं. बस्स. ना तार, ना बटण. कडक उन्हाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी थंड राहते आणि ओलसरही. म्हणून भाजी सुकत नाही. गवंडी लागत नाही, एखाद्या सुट्टीत घरच्या माणसांनी मिळून तो बांधता येतो.

अशीच युक्ती दूर आफ्रिकेत, नायजेरियाच्या उत्तर भागात मोहम्मद बाह अब्बा नावाच्या शिक्षकाने केली. त्याच्या घराण्यात मडकी घडवायचं काम होतं. मोठ्या मडक्यात छोटं मडकं, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं. जी वांगी ३ दिवसांत खराब व्हायची ती २७ दिवस टिकल्याची नोंद आहे. या कामाला २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. तिथल्या मुलींना रोजच्या रोज भाजी विकायला दारोदार जावं लागायचं. भाजी टिकू लागल्यावर ते रोजचं जाणं कमी झालं आणि शाळेसाठी वेळ निघू लागला. आपल्या शेजारी, गुजरातमधल्या वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती हे तर कुंभारच. २००१च्या भूकंपात त्यांची बरीच मडकी फुटली. एका वर्तमानपत्राने फुटलेल्या मडक्याचं छायाचित्र छापून खाली लिहिलं की गरिबाचा फ्रीज मोडला. मनसुखभाईंच्या डोक्यात तेच शब्द घोळत राहिले आणि काही वर्षांत त्यांनी मातीचा खराखुरा फ्रीज बनवला, दार-कप्प्यांसकट. नाव 'मिट्टीकूल'.

नाशकातून निघण्याआधी पांडवलेणी चुकवू नका. शहरापासून आठेक किलोमीटरवर, त्रिरश्मी डोंगरात २४ लेणी आहेत. चढताना दम लागेल, घाम फुटेल, आणि वर वारा लागला की आपणही एक माठ आहोत हे पटेल! दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप नहपान राजाचा जावई. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या या लेखात त्याने आपल्या दानांची यादीच कोरून ठेवली आहे. त्यात काय आहे ठाऊक आहे? तापी, दमणगंगा अशा नद्या ओलांडायला फुकट नावा, आणि नद्यांच्या दोन्ही तीरांवर विश्रांतीच्या जागा व प्रपा. प्रपा म्हणजे पाणपोई! राजाच्या जावयाला सोनंनाणं, गाई, गावं यांच्या बरोबरीने पाणपोईही दगडात कोरण्याजोगी वाटली, मला हे फार आवडतं. लेण्यांजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकीही दिसतील. लेखात त्यांना 'पोढी' म्हटलंय.

आता एक कोडं. नाशिक जिल्हा कशासाठी प्रसिद्ध? कांद्यासाठी! लासलगाव, पिंपळगाव बसवंत इथल्या बाजारांत कांद्याचे ढीग लागतात. मग शेतकरी कांदा शीतकक्षात का ठेवत नाहीत? कारण कांद्याला ओल चालत नाही. त्याला कोंब फुटतात, तो सडतो. म्हणून उन्हाळ कांद्यासाठी चाळ असते. जमिनीपासून उचललेली, बाजूंना बांबूच्या पट्ट्या, फटींतून वारा आरपार. तोच कोरडा वारा, पण इथे पाणी शिंपडायचं नाही. आणि द्राक्षं? परदेशी जाणाऱ्या द्राक्षांना शून्य अंशाच्या जवळपास ठेवावं लागतं. तिथे माठाचा मामा आला तरी उपयोग नाही. वीज आणि शीतगृहच हवं. लशींना २ ते ८ अंश लागतात, त्याही माठाजवळ ठेवायच्या नाहीत. मासे, मटण, उरलेला वरण-भात यांचंही तेच. २१ अंश म्हणजे माणसाला गार, जंतूंना मात्र मजेचं!

आणखी एक गोष्ट मला गप्प बसू देत नाही. नाशिक जिल्ह्यातच सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे तालुके आहेत. पावसाळ्यात तिथे धो धो पाऊस, आणि उन्हाळ्यात कितीतरी पाड्यांवर बायका-मुली लांबच्या विहिरीवरून डोक्यावर हंडे आणतात. पाणी गार करायला पाणीच खर्च होतं, हे आपण मघाशी गणितात पाहिलं. नळ असलेल्या घरात एक पेला म्हणजे काहीच नाही. डोंगर चढून आलेल्या हंड्यातला एक पेला मात्र कुणाच्या तरी मानेवरून आलेला असतो. शीतकक्षाला तर बादल्या लागतात. त्यामुळे तो कुठे बांधायचा हे विहीर किती लांब आहे, ते बघून ठरवावं लागतं.

आता घरी करायचं काम. सारख्या दोन बाटल्या घ्या, नळाचं पाणी भरा. एकीला ओला सुती मोजा चढवा, दुसरी उघडीच. दोन्ही सावलीत, वाऱ्याला दोरीने टांगा. मोजा वाळू देऊ नका. तासाभराने दोन्हींतलं पाणी तापमापकाने मोजा. (तापाचा थर्मामीटर घेऊ नका, तो ३५ अंशांच्या खाली चालत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला, सरांना किंवा बाईंना विचारून आणा.) तीन रकाने आखा: उघडी बाटली, मोज्याची बाटली, फरक. हे मेमध्ये रोज एकाच वेळी करा. कोकणात किंवा विदर्भात मामेभावंडं असतील तर त्यांनाही पत्राने कळवा आणि आकडे मागवा. नागपूरकर नक्की जिंकतील, आधीच सांगून ठेवतो. त्यांच्या कूलरच्या ओल्या गवती पडद्यामागेही हीच युक्ती आहे, वीज लागते ती फक्त पंख्याला आणि पाणी फिरवणाऱ्या पंपाला.

जून उजाडला की तिसऱ्या रकान्यातला आकडा घसरू लागेल. मग एक दिवस ढग भरून येतील, हवा ओली होईल आणि फरक जवळजवळ पुसला जाईल. त्याच सुमाराला नाशिकच्या घरांतून आजी माठ रिकामा करते, उन्हात सुकवते आणि माळ्यावर उपडा घालते.